गड नदीच्या जुव्यावर: पावसाळ्यापूर्वीचा एक दिवस

मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या परिसरात गड नदी खाडीचे रूप घेते, तिथे पात्रात काही जुवे, म्हणजे गाळाने घडलेली सखल बेटे, आहेत. त्यांपैकी एका जुव्यावरील वस्ती पावसाळ्याची तयारी कशी करते हे पाहण्यासाठी आम्ही वैशाखातील अष्टमीला तिथे गेलो होतो.

अष्टमी मुद्दाम निवडली होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, या जुन्या हिशेबाने अष्टमीची भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते आणि दुपारी बाराला पाणी सर्वांत खाली जाते. शिवाय त्या दिवशी भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असल्याने पाण्याला ओढही कमी असते. होडी मात्र आठलाच सोडावी, कारण दहानंतर ती धक्क्याजवळच्या चिखलात रुतते.

सारा जुवा माती आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या बांधाने वेढलेला आहे. बांधात एके ठिकाणी लाकडी झडपेची मोरी आहे, जिला रायगडच्या खारपट्ट्यात उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते आणि भरतीला बाहेरचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. आम्ही पोहोचलो तेव्हा एक काकी गुडघाभर चिखलात उभ्या राहून झडपेच्या कडांना चिकटलेली कालवे कोयत्याने खरवडत होत्या. ‘‘एकय कालव रवला तरी खारा पाणी भुतूर येता,’’ त्या म्हणाल्या. त्या बोटभर फटीतून शिरलेले मीठ भाताचा वाफा नासवते, म्हणून हे काम दर वर्षी होते.

खरा धोका मात्र उधाण आणि अतिवृष्टी एकत्र येण्यात आहे. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी भरती चढलेली असताना सह्याद्रीवरचा पाऊस नदीने खाली आला, तर झडप मिटलेली राहते आणि पावसाचे पाणी आतच तुंबते. समुद्राची पातळी जसजशी वाढेल, तसतसा झडप उघडी राहण्याचा वेळ प्रत्येक ओहोटीला घटत जाईल, आणि माझ्या मते नुसता बांध उंच केल्याने हे सुटणारे नाही. आत साठणाऱ्या पाण्यासाठी जागा मोकळी ठेवावीच लागेल. इथल्या लोकांनी मधला सखल मळा त्यासाठीच पडीक ठेवला आहे, घरांची जोती कमरेइतकी उंच केली आहेत आणि भात माळ्यावर नेले आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा खाडीकडील अंगाला जिथे तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे दाट होती तिथला बांध टिकला आणि होड्या लावून ठेवण्यासाठी झाडे तोडलेल्या जागी तो खचला, असे त्यांनी ती जागा दाखवून सांगितले.

जाणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर टाळावा आणि इतर वेळी भरतीचे वेळापत्रक पाहूनच बेत आखावा. होडीत जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. बांधाच्या माथ्यावरून चालताना कडेची माती ढासळू देऊ नये. वैशाखात विहिरींचे पाणी मचूळ होते, म्हणून पिण्याचे पाणी सोबत न्यावे आणि वस्तीवर त्याचा भार टाकू नये. परतीची होडी पाणी चढल्यावरच, साडेतीन-चारनंतर सुटते, तेव्हा जेवणाचे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.