सगळ्यात जास्त मेसेज टाकतो तोच महत्त्वाचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. नुसते मेसेज मोजून बातमी कोणामुळे पसरते ते कळत नाही. कोण कोणाशी आधी बोललं आणि कोणाशी नंतर, ते बघावं लागतं.

तीन माणसं धरा: एक मडगावचा, एक पणजीचा, एक म्हापशाचा. सकाळी ९ला मडगाव-पणजी बोलणं झालं, ११ला पणजी-म्हापसा. मडगावची बातमी म्हापशाला पोचेल; म्हापशाची मडगावला नाही. पण दिवसाचा एकच नकाशा काढला तर दोघांच्या वाट्याला एकेक रेघ, म्हणजे दोघं सारखेच!

यावर ग्रिंड्रॉड, हायम या गणितज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये कॅट्झची १९५३ची पद्धत (थेट ओळखींबरोबर लांबच्या साखळ्याही, पण कमी वजनाने मोजणारी) काळाला जोडली. काळाचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याच्या संपर्क-मॅट्रिक्सला (कोण कोणाशी बोललं त्याचा आकड्यांचा तक्ता) क या छोट्या संख्येने गुणायचं, ते एकक मॅट्रिक्समधून (कर्णावर १, बाकी ०) वजा करायचं, उत्तराचा व्यस्त (ज्याने गुणलं की एकक मॅट्रिक्स मिळतं ते) काढायचा आणि हे व्यस्त काळाच्या क्रमाने गुणायचे. ओळींच्या बेरजेतून पसरवण्याची ताकद कळते, स्तंभांच्या बेरजेतून मिळवण्याची. वरच्या उदाहरणात क ०.५ घेतला तर पसरवण्यात मडगाव २.६७, पणजी ३.३३, म्हापसा २. मिळवण्यात मडगाव आणि म्हापशाचे आकडे नेमके उलटे.

घोळ होतो तो क निवडताना. प्रत्येक तुकड्याच्या मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या (संपर्क जितके दाट तितकी मोठी होणारी संख्या) व्यस्तापेक्षा, म्हणजे १ भागिले त्या संख्येपेक्षा, तो लहान हवा. आता चवथीच्या सकाळी ५० जणांच्या ग्रुपात प्रत्येकाने शुभेच्छा टाकल्या, की ती आयगेनव्हॅल्यू ४९ होते. क १/४९च्या खाली जातो आणि वर्षभराच्या खऱ्या बोलण्याला किंमतच उरत नाही. म्हणून ग्रुपातल्या मेसेजचं वजन घेणाऱ्यांच्या संख्येने भागा; इथे ४९ची १ होते.

तुकडा फार मोठा घेतला तर आतला क्रम पुसला जातो. तो निम्मा करून पुन्हा गणित करा. क्रमवारी उलटीपालटी झाली तर मूळ तुकड्यावर विसंबू नका. वेळाही तपासा. सर्व्हरवर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, तिथला ‘दिवस’ आपल्याकडे पहाटे ५:३०ला बदलतो.

नोड, म्हणजे माणसं, हजारोंनी असतील तर व्यस्त काढतच बसू नका. सगळे १ असलेला सदिश (आकड्यांचा एकच स्तंभ) घ्या आणि शेवटच्या तुकड्यापासून मागे येत एकेक समीकरणसंच सोडवा. पसरवण्याचे आकडे मिळतात. मात्र नवा दिवस आला की हे सगळं पहिल्यापासून. मिळवण्याचे आकडे पुढच्या दिशेने निघतात, त्यामुळे ते रोजच्या रोज पुढे नेता येतात.