गोव्यातला विवाहपूर्व करार

गोव्यात लग्न ठरले की हॉल, केटरर, दागिने यांची बोलणी कित्येक आठवडे चालतात. मालमत्तेचा विषय मात्र क्वचितच निघतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू आहे आणि त्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर वाडवडिलार्जित घर-जमिनीसह पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होऊन दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा ठरतो. म्हणूनच पतीच्या नावावरचे घर विकतानाही विक्रीखतावर पत्नीची सही लागते, आणि हा नियम मला न्याय्य वाटतो.

ज्यांना आपापली मालमत्ता स्वतंत्र ठेवायची असेल, त्यांना लग्नाआधीच, पदसिद्ध नोटरी असलेल्या उपनिबंधकासमोर तसा दस्त करावा लागतो. तिथे साधा स्टॅम्प पेपर चालत नाही आणि लग्नानंतर तो दस्त फिरवताही येत नाही. पहिल्या लग्नाची मुले असताना पुन्हा संसार मांडणाऱ्यांनी तरी लग्नापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

सीमेपलीकडे सावंतवाडीत मात्र हिंदू विवाह कायद्यात अशा कराराची तरतूदच नाही, त्यामुळे तिथे केलेला कागद न्यायालयात टिकेलच असे नाही.