आमची वाटचाल : एका घोडीच्या वंशावर उभा राहिलेला घोडेपैदाशीचा स्टड

भीमेकाठच्या आमच्या भागाला घोडा नवा नाही. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडीची तट्टं याच पट्ट्यातली. तरीही आजोबांनी थरोब्रेड या शर्यतीच्या जातीची घोडी दावणीला आणली, तेव्हा भावकीने त्यांना वेड्यात काढलं. पाय दुखावल्यामुळे शर्यतीतून बाद झालेली म्हणून ती परवडली. आजोबांनी मात्र तिचा पाय नाही, तिची आई आणि आजी पाहिली होती.

"नर बाहेरचा चालतो, घोडी घरची लागते," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मान्यता नाही. म्हणून घोडी गाडीत घालून दुसऱ्यांच्या नराकडे न्यायची, फी भरायची. नर शिंगरं विकून घर चालवलं, पण त्या घोडीची एकही मुलगी विकली नाही. आज पागेतल्या नऊ घोड्यांपैकी सहा तिच्याच वंशातल्या.

घोडी अकरा महिने गाभण असते आणि कागदावर सगळ्या शिंगरांचा वाढदिवस १ जानेवारी. ३१ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्याच दिवशी वर्षाचं धरलं जातं आणि पुढे मोठ्या शिंगरांबरोबर पळतं. म्हणून फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत आम्ही घोडी नराकडे नेत नाही.

घोडी बहुतेक रात्रीच विते. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की वडील पागेतच अंथरूण टाकत. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत घोडीची जार (वार) पडावी, हा हिशेब त्यांनी मला लहानपणीच पाठ करून घेतला. एका रात्री शिंगरू उभं राहिलं, पण सडाला तोंडच लावेना. रोगाशी लढायची ताकद त्याला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. वडिलांनी चीक बाटलीत काढला आणि घोडे सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या सईसमामांनी शिंगराची मान मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत घोट घोट पाजला. त्याच शिंगराला पुढे मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर पहिलं आलेलं पाहून सईसमामा कठड्याला धरून रडले. तेव्हापासून आम्ही चांगल्या घोडीचा थोडा चीक फ्रीजरमध्ये राखून ठेवतो.

२०२० साली शर्यती थांबल्या. गिऱ्हाईक नाही, पण लसूणघास आणि ओट रोज लागायचेच. आईने दागिने मोडले, सईस एकही कमी केला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शर्यतीवर लावलेल्या पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागला. बक्षिसाचा पैसा पैजेच्या उलाढालीतून येतो आणि शिंगराचा भाव बक्षिसावर ठरतो, त्यामुळे ती झळ थेट पागेपर्यंत पोचली. हा कर ठरवताना घोडे वाढवणाऱ्यांचा विचार व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आता मुलगी माझ्याबरोबर उभी आहे. मायक्रोचिप, डीएनए, पुण्याच्या स्टड बुकातली (घोड्यांच्या वंशनोंदवहीतली) नोंद, सगळं तीच बघते. पहिल्या घोडीची एक खापरपणती या आठवड्यात विणार आहे. काल संध्याकाळी सडांवर मेण दिसलं आणि मुलीने आपलं अंथरूण पागेत नेलं.