पासवर्ड एकाच फाइलमध्ये होता

ज्या शाळेची साइट माझ्या सर्व्हरवर आहे, तिथल्या मुख्याध्यापिका बाईंचा सकाळी साडेनऊला फोन. "सर, गुगलवरून शाळेची साइट उघडली की भलत्याच गोळ्यांच्या जाहिराती येतात. पालक विचारताहेत." मी पत्ता टाइप करून पाहिला, साइट ठणठणीत. गुगलमधून क्लिक केलं, तर खरंच गोळ्यांचं दुकान!

साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस अद्ययावत होतं. एकूण एक फाइल ताज्या प्रतीशी ताडून पाहिली, अक्षराचाही फरक नाही. घाण डेटाबेसमध्ये होती, म्हणजे जिथे लेखांचा मजकूर साठतो तिथे. प्रत्येक लेखाच्या शेवटी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चिकटवलेली, वाचक गुगलवरून आला तरच चालणारी. पण डेटाबेसचा पासवर्ड फक्त डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेला. तो वाचला कोणी?

त्याच सर्व्हरवर एका केटररची जुनी साइट आहे. तिच्या अपलोड फोल्डरमध्ये लग्नाच्या पंगतींचे फोटो, आणि त्यांच्यामध्येच एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. फोटो चढवायचा फॉर्म काहीही स्वीकारत होता. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, तिची रात्री २ वाजून १३ मिनिटांची नोंद होती. सर्व्हरवरच्या खात्यांची यादी लिनक्स या सिस्टिमवर कोणालाही वाचता येते. ती घेऊन ही फाइल एकेका खात्याच्या फोल्डरमधली कॉन्फिग उघडत गेली होती.

शाळेच्या त्या फाइलची परवानगी ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचायला मोकळी. ६४०, म्हणजे बाहेरच्यांना बंद, करायला हात गेला आणि थांबला. आमच्याकडे पीएचपी अपाची या वेबसर्व्हरच्या आतच चालायचं, सगळ्या साइट्सचं एकाच युजरच्या नावाने. जी फाइल शाळेच्या साइटला वाचता यायला हवी, ती केटररच्या साइटलाही वाचता येणारच. परवानग्या आवळून काही होणार नव्हतं. ही मांडणी माझीच होती. शाळेची काडीचीही चूक नसताना तिचं नाव खराब झालं, हे मला फार लागलं.

रात्रीपर्यंत बसून प्रत्येक साइटला पीएचपी-एफपीएमचा (पीएचपी स्वतंत्रपणे चालवणारी सोय) वेगळा पूल, म्हणजे गट, आणि वेगळा युजर दिला. सेशनच्या, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या, फाइली सामाईक फोल्डरमधून हलवल्या, कॉन्फिगना ६०० लावलं, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल असं. मग सगळ्यांचे डेटाबेस पासवर्ड बदलले, कॉन्फिगमधल्या लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त कीसुद्धा. चोराने फाइल वाचली म्हणजे त्याही त्याच्या हाती गेल्या, आणि हे बरेच जण विसरतात.

दुसऱ्या दिवशी एकेका ग्राहकाला फोन करून झालेलं सगळं सांगितलं. केटररकाका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती साइट मी चार वर्षांत उघडलीसुद्धा नाही हो. बंद करून टाका. आणि शाळेचं आता ठीक आहे ना?"