बाबांची सदुसष्टी आणि अडीच लाखांची वसुली

डिसेंबर २०२४ चं पेन्शन आईच्या खात्यात आलंच नाही. तिचा फोन आला तो थेट असा, "अगं, कागदावर मेले की काय मी?"

जवळपास तसंच झालं होतं. बाबा रेल्वेत, भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडला सीनियर टेक्निशियन होते. मे २०१६ ला रिटायर झाले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये गेले. तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन मिळतं आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आधी ती बँकेत जाऊन सही करून यायची. गुडघे बोलायला लागल्यापासून गल्लीतल्या सायबर कॅफेत 'जीवन प्रमाण', म्हणजे तोच दाखला ऑनलाइन, करते. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषा पार गेल्यात, अंगठा काही उमटत नाही, म्हणून तिथला मुलगा मोबाइलवर चेहरा स्कॅन करतो. त्या नोव्हेंबरातही केलं होतं. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा, मेसेज आला, आई निर्धास्त झाली.

पण कॅफेतल्या त्या मुलाने पेन्शनच्या प्रकारात 'फॅमिली'ऐवजी 'सर्व्हिस', म्हणजे स्वतःच्या नोकरीचं, टाकलं होतं. बँकेने दाखला नाकारला आणि महिनाअखेर उलटल्यावर पेन्शन थांबवलं. मेसेज आला म्हणजे दाखला निघाला एवढंच. तो बँकेने स्वीकारला की नाही, हे जीवन प्रमाणच्या वेबसाइटवर आयडी टाकून वेगळं बघावं लागतं. चौसष्ट वर्षांची बाई हे कशाला बघत बसेल?

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. जानेवारीत मी नाशिकहून गेले, शाखेत जाऊन आईचा नवा दाखला दिला. पेन्शन सुरू करण्यासाठी फाइल बँकेच्या पेन्शन सेंटरला गेली, तिथे कोणीतरी ती नीट उघडली, आणि पेन्शनसोबत एक पत्र आलं: मे २०२३ पासून तुम्हाला जादा रक्कम अदा झाली आहे, २,५५,९५१ रुपये परत करावेत. खात्यात जेवढी शिल्लक होती तिच्यावर होल्ड. आईच्या खात्यातून आईलाच पैसे काढता येईनात.

मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे आधी आकडा बरोबर आहे का ते बघितलं. बाबांचा शेवटचा बेसिक ४६,२००. रिटायर झाल्यावर माणूस गेला तर फॅमिली पेन्शन सुरुवातीला वाढीव दराने मिळतं, म्हणजे निम्मं, २३,१००. ही सवलत सात वर्षं, किंवा तो माणूस हयात असता तर ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. नंतर साधा दर, ३० टक्के, म्हणजे १३,८६०. त्यावर महागाई भत्ता वेगळा.

बँकेने सात वर्षं धरली होती, म्हणजे सप्टेंबर २०२५. बाबांचा जन्म १२ मे १९५६ चा. सदुसष्टी त्याच्या कितीतरी आधी, मे २०२३ मध्येच येऊन गेली. फरक बेसिकमध्ये ९,२४०, त्यावर भत्ता त्या काळात ४२ टक्क्यांवरून ५३ पर्यंत चढलेला. मी एक्सेलमध्ये महिन्यागणिक मांडलं, अगदी मे महिन्याचे तुकड्याचे दिवससुद्धा. आकडा जुळला. चडफडत मान्य केलं.

आणि गंमत म्हणजे ही तारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, छापलेली होती. वाढीव दर अमुक तारखेपर्यंत, पुढे साधा दर, दोन्ही रकमांसकट. रेल्वेने चोख काम केलं होतं. बँकेत सिस्टीममध्ये भरताना कोणीतरी दुसरीच तारीख टाकली. आईला महिन्याला ३५ हजारांच्या वर मिळायचे ते एकदम २१ हजारांवर आले, आणि त्यातूनही एक तृतीयांश कापणार असं पत्रात लिहिलेलं. म्हणजे हातात चौदा हजार. गोळ्या, लाइट, गॅस आणि वर लग्नकार्याचे आहेर!

शाखेत साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "मावशी, इथे सही करा, होल्ड लगेच काढतो." वसुलीला संमती, मधली रक्कम कोरी. आईने पेन उचलला होता. मी कागद घेतला आणि फोटो काढला. साहेबांचा चेहरा पडला. "मॅडम, ही फक्त प्रोसिजर आहे." असेल. पण रकमेची जागा कोरी असलेल्या कागदावर मी माझ्या शेठलाही सही करू देत नाही.

मग वाचन सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफीक मसीह निकाल आहे: गट क आणि ड चे, म्हणजे खालच्या श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले, अशांकडून चुकून दिलेली जादा रक्कम वसूल करू नये. वाचून मला स्फुरण चढलं. पण २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने जगदेव सिंग प्रकरणात म्हटलं की 'जादा मिळालं तर परत करीन' अशी हमी आधीच लिहून दिली असेल, तर वसुली होऊ शकते, फक्त सोयीच्या हप्त्यांत. आणि तशी हमी पेन्शन सुरू करताना बँका घेतातच. आईनेही २०१८ मध्ये दिली होती. बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिने काय वाचलं असेल!

मला लढायचं होतं. आईला नव्हतं. "जे आपलं नाही ते आपलं नाही. सरकारचा पैसा अंगावर ठेवून मला मरायचं नाही." मी म्हटलं, अगं चूक त्यांची आहे. "असू दे. पण मला जगण्यापुरतं ठेवा म्हणावं."

तिच्या त्या एका वाक्यावर मी अर्ज लिहिला. दर बदलला ते मान्य. चूक बँकेची, आम्ही काहीही लपवलेलं नाही. आई एकटी, औषधांच्या पावत्या सोबत. होल्ड ताबडतोब काढा, महिन्याला ४,००० पेक्षा जास्त कापू नका, आणि जादा रकमेचा महिनावार तक्ता लेखी द्या. एक प्रत डीआरएम ऑफिसच्या, म्हणजे रेल्वेच्या विभागीय कार्यालयाच्या, सेटलमेंट सेक्शनला. दोन्हीकडे पोच घेतली, शिक्क्यासह. तोंडी सांगितलेलं कोणालाच आठवत नाही, शिक्का सगळ्यांना आठवतो.

तीस दिवस बँकेचं उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. त्यानंतर मात्र शाखेतून आपणहून फोन आला. होल्ड निघाला, हप्ता ४,००० ठरला. हिशेबाने पाच वर्षांहून जास्त चालेल, आई तेव्हा सत्तरी ओलांडलेली असेल. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

कारण एक प्रश्न अजून अडकलाय. चूक बँकेची असेल तर पेन्शनरकडून वसुली होण्याची वाट न बघता, लक्षात येताच बँकेने ती सगळी रक्कम एकदम सरकारी खात्यात भरायची, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. मग ती भरली का, कधी भरली, आणि आईचे ४,००० दर महिन्याला नेमके कोणाच्या खिशात जातात, हे मी लेखी विचारलंय. पोच आहे. उत्तर आलेलं नाही.