पांढरी तीन

रविवार, रात्रीचे पावणेबारा

फ्रिजचा कंप्रेसर थांबला की माझ्या डाव्या कानातली शिट्टी सुरू होते. खरं तर ती चालूच असते, फ्रिज तिला झाकून ठेवतो एवढंच. २२ वर्षं छापखान्यात मशीनशेजारी उभं राहून काढली. कानात कापूस घालायचो, तोही हिवाळ्यात, थंडी वाजते म्हणून. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला, तेव्हा ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेलेली दिसली. ‘कर्णनाद’ म्हणाले. शब्द कसा देवळातला वाटतो! प्रत्यक्षात आहे रातकिडा.

आज दुपारी स्मेतानाचं ते क्वार्टेट पुन्हा लावलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, साधारण अर्धा तास. नाव ‘माझ्या आयुष्यातून’. बेद्रिख स्मेताना, बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाचा. (चेकमध्ये ‘स्मेताना’ म्हणजे साय. हे कळल्यापासून त्याचा दाढीवाला फोटो मी जरा प्रेमानं बघतो.) १८७४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कानांची कुरकुर सुरू झाली आणि ऑक्टोबरपर्यंत दोन्ही कान पार गेले. वय पन्नास. थिएटरमधलं कंडक्टरचं काम सोडावं लागलं. पुढे याब्केनित्से गावात मुलीकडे राहायला गेला. जावई रानाची देखरेख करणारा, घर रानाला लागून. तिथे १८७६ च्या डिसेंबरात हे क्वार्टेट पुरं झालं. लिहिताना त्यातला एकही सूर त्यानं कानांनी ऐकलेला नाही. आणि ती ‘व्ल्तावा’, नदीवरची रचना, जी सगळ्या जगाला ठाऊक आहे, तीसुद्धा बहिरेपण आल्यावर दोन महिन्यांच्या आत लिहिलेली.

१८७८ मध्ये त्यानं एका मित्राला पत्रातून क्वार्टेटचा एकेक भाग उलगडून सांगितला. पहिल्या भागात तरुणपणीची कलेची ओढ, आणि त्यातच पुढच्या संकटाची चाहूल. दुसऱ्यात पोल्का, कारण ऐन उमेदीत हा नाचवेडा होता. तिसऱ्यात पहिलं प्रेम, ती मुलगी, जी नंतर त्याची बायको झाली. चौथ्यात आपल्या मातीतलं संगीत सापडल्याचा आनंद, आणि मग ते.

‘ते’ असं येतं. चौथा भाग लग्नघरासारखा गजबजलेला असतो. चारही वाद्यं धावताहेत, शेवटाकडे चाललीत असंच वाटतं. आणि मध्येच सगळं थांबतं. खाली तीन वाद्यं थरथरायला लागतात आणि त्यांच्या कितीतरी वर पहिलं व्हायोलिन एकच स्वर धरतं. अतितारातला ई. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन. सुई टोचावी तसा तो स्वर. त्यानंतर सुरुवातीची व्हिओलाची धून अंधुकशी आठवून जाते, आनंदाचीही एखादी ओळ येते, आणि बोटांनी तारा छेडत सगळं हळूहळू विझतं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शिट्टी नव्हती. तेव्हा वाटलं होतं, काय नाटकी माणूस आहे! आता वाटत नाही.

मला आज लागलं ते वेगळंच. हे क्वार्टेट ई मायनरमध्ये आहे आणि शेवटचा भाग ई मेजरमध्ये. म्हणजे पांढरी तीन हा या सगळ्या रचनेचा षड्ज. आपल्याकडे षड्ज म्हणजे घर. गाणारा कुठेही भटकला तरी तंबोरा त्याला तिथे परत आणतो. या बाबानं घराचाच स्वर घेतला, वर इतक्या उंच नेऊन ठेवला की तिथे राहता येऊ नये, आणि त्यालाच संकट म्हटलं.

आणि गंमत पुढे आहे. त्याच्या कानात ई वाजतच नव्हता! त्याला ऐकू यायचा तो ए-फ्लॅट मेजरचा झंकार, पिकोलोच्या, म्हणजे इवल्याशा बासरीच्या, पट्टीत. म्हणजे काळी चारचा कॉर्ड, तीन स्वरांचा, आणि त्या तिघांत पांढरी तीन कुठेच नाही. म्हणजे ज्या एका जागी तो अगदी कानातलं सांगतोय असं आपण समजतो, तिथेच त्यानं स्वर बदललेला आहे. मला हे खोटं वाटत नाही. काळी चार तशीच आणून ठेवली असती तर ती बाहेरून आलेली शिट्टी झाली असती, रस्त्यावरच्या हवालदाराची. षड्जात आणल्यावर ती घरातून येते.

मुलींचं तर त्यानं पत्रातही नाव काढलेलं नाही. पहिल्या बायकोपासून त्याला चार मुली, त्यातल्या तीन लहानपणीच गेल्या. थोरली बेद्रिश्का १८५५ मध्ये स्कार्लेट फीवरनं गेली, साडेचार वर्षांची. तिला गाण्याचा कान होता म्हणतात. तेव्हा मात्र हा थांबला नाही. त्याच वर्षी जी मायनरमधलं पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो) लिहून, डिसेंबरात प्रागमध्ये स्वतः पियानोला बसून वाजवलंसुद्धा. ते सुरू होतं एकट्या व्हायोलिननं, सर्वांत जाड तारेवर. खालचा, घोगरा आवाज. बायको चार वर्षांनी गेली, स्वीडनहून घरी परतताना, ड्रेस्डेनमध्ये. क्वार्टेटच्या तिसऱ्या भागात ती तरुण आहे. तेवढीच ठेवली त्यानं.

जेवणानंतर राहवेना. पेटी काढली आणि माझी शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते शोधायला बसलो. डावा कान वर करून, एकेक पट्टी दाबत वर वर. पेटी संपली, शिट्टी अजून वरच. लेक उठून आली.

“बाबा, एवढ्या रात्री पेटी?”

“पट्टी शोधतोय.”

“कसली?”

सांगितलं. ती हसली नाही. तिनं मोबाइलवर पियानो उघडला आणि स्क्रीन सरकवत पार उजवीकडे गेली. “हा?” नाही. “हा?” थोडा वर. असं करत ती वरच्या टोकाजवळच्या पांढरी सातवर आली आणि मी हात वर केला. ३९५१ हर्ट्झ, असं तिनं शोधून सांगितलं. डॉक्टरांचा खड्डा ४०००.

मग स्मेतानाची पांढरी तीन लावायला सांगितली, तीच वरची. तिनं एका बोटानं ती दाबून धरली आणि दुसऱ्यानं माझी.

“पंचम आहे, बाबा,” ती म्हणाली. शाळेत असताना चार वर्षं गाणं शिकलीय, तेवढं कळतं तिला.

मोबाइलचा स्पीकर बारीक, आवाज चिरका. तरी जुळत होतं. मग ती जांभई देत झोपायला गेली. मी पेटी झाकली. आत फ्रिज पुन्हा सुरू झालाय.