कोल्हापूरहून शिमला: चढ मोजून आखलेली सहल

पन्हाळ्याला गाडी थेट लॉजच्या दारात जाते. शिमल्यात तसं होत नाही. मॉल रोड आणि रिज (शहराच्या माथ्यावरचा मोकळा चौक) गाड्यांना बंद आहेत. टॅक्सी खाली कार्ट रोडला सोडते आणि पुढे सार्वजनिक लिफ्ट सोडली तर सगळं पायी. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना नेताना आम्ही सगळी आखणी या एकाच गोष्टीभोवती केली. नकाशावर जागा तीनशे मीटरवर दिसते, पण ते तीनशे मीटर उभे असतात.

आधी तिकिटं. कोल्हापूर–हजरत निजामुद्दीन एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते, म्हणजे सहलीची तारीख तीच ठरवते. आरक्षण आता 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. दिल्लीतल्या निजामुद्दीनला पोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होते, त्यामुळे कालक्याहून शिमल्याला चढणाऱ्या छोट्या गाडीचं, म्हणजे टॉय ट्रेनचं, तिकीट आपल्या पहिल्या तिकिटानंतर दोन दिवसांनी उघडतं. पहिलं तिकीट हातात आलं की निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या दिवशी सकाळी 8 ला पुन्हा बुकिंगला बसायचं आहे. टॉय ट्रेनच्या जागा मोजक्याच, त्या पटकन जातात.

दिल्लीहून कालक्याला रात्रीची नेताजी एक्सप्रेस, म्हणजे जुनी कालका मेल, पहाटे पोचवते. ती हावड्याहून येते, त्यामुळे धुक्याच्या दिवसांत हमखास रखडते, आणि निजामुद्दीनहून जुन्या दिल्ली स्टेशनपर्यंत सामान ओढत जावं लागतं ते वेगळंच. वयस्कर माणसं बरोबर असतील तर रात्री दिल्लीत झोपावं आणि सकाळची शताब्दी धरावी. ती नवी दिल्लीहूनच सुटते, आणि कालक्याला दुपारची छोटी गाडी मिळते.

या छोट्या गाडीचे रूळ फक्त 762 मिलिमीटर रुंद, त्यामुळे डबाही अरुंद. मोठी ट्रॉली बॅग सीटखाली जात नाही आणि वरच्या फळीवरही बसत नाही. माणशी एक मध्यम पिशवी, बस्स. कालका 656 मीटरवर आहे, शिमला स्टेशन जवळपास 2,075 वर. मधले 96 किलोमीटर चढायला पाच तासांहून जास्त लागतात, कारण वाटेत 919 वळणं आहेत. वळणांनी मळमळतं, म्हणून कालक्यात पोटभर जेवू नका. 1903 साली सुरू झालेली ही लाईन 2008 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सगळ्यात लांब बोगदा बडोगचा, 1,143 मीटरचा. त्याच्या पुढे सोलनला पिशवीत हात घातला तर घरून नेलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. बाहेरच्या हवेचा दाब किती उतरलाय ते बोटांना कळतं. फाटेल म्हणून घाबरायचं कारण नाही.

हॉटेल ठरवताना फोटो बाजूला ठेवा आणि फोनवर तीन गोष्टी विचारा. कार्ट रोडवरच्या लिफ्टच्या वरच्या दारापासून किती पायऱ्या? रिसेप्शन कुठल्या मजल्यावर, खोली कुठल्या? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इमारती उतारावर असल्याने रस्ता बऱ्याचदा सगळ्यात वरच्या मजल्याला लागतो आणि खोल्या खाली. ‘तळमजल्याची खोली’ म्हणून घेतली आणि रोज तीन मजले चढून बाहेर पडावं लागलं, असं होऊ शकतं. लिफ्टही दोन टप्प्यांत आहे: एकीतून उतरून थोडं चालायचं, मग दुसरी. सामानाला कुली करा, पण दर आधी ठरवा.

पहिल्या दिवशी फक्त रिज. एवढ्या उंचीवर सहसा कुणाला उंचीचा त्रास होत नाही, पण दम लवकर लागतो. रिजच्या खाली शहराच्या पाण्याची मोठी टाकी आहे. शिमल्यात पाणीसुद्धा खालच्या दऱ्यांतून पंपानं वर चढवावं लागतं, हे लक्षात ठेवून नळ वापरा. 2018 च्या उन्हाळ्यात इथे पाण्याचे फार हाल झाले होते.

जाखूचं हनुमान मंदिर 2,455 मीटरवर. चालत चढ खडा आहे, रोपवेनं जा. वर माकडं चष्मा ओढतात, तो आधीच खिशात घाला. व्हाइसरीगल लॉज (इंग्रजांच्या काळातला व्हाइसरॉयचा बंगला) सोमवारी बंद असतो, त्यामुळे तिथला दिवस आधी नक्की करा. कुफ्रीला गाडीतळापासून पुढे घोडे सांगतात. वाट चिखल-लिदीची, आणि गुडघेदुखीच्या माणसाला खोगिरावरून उतरणं चढण्यापेक्षा अवघड. आम्ही कुफ्री वगळून नारकंड्याचा दिवस केला. सुमारे 65 किलोमीटर आहे, पण देवदाराचं जंगल गाडीत बसूनच दिसतं. हाटू शिखरापर्यंतही रस्ता जातो, मात्र तो अरुंद आहे आणि बर्फात बंद होतो.

जुलै-ऑगस्ट टाळाच. ऑगस्ट 2023 मध्ये समर हिलजवळ दरड कोसळून रुळांखालची जमीन वाहून गेली होती. दिवाळीची सुट्टी उत्तम, आभाळ स्वच्छ असतं.

परतीला शिमल्याहून निघायचा दिवस आणि निजामुद्दीनची गाडी यांच्यात एक पूर्ण रात्र दिल्लीत ठेवा. ती गाडी चुकली तर पुढची आठवड्यानंतर.